पांढऱ्या कडेचं पीस

दाराची बेल वाजली आणि बाहेर कुणी हातात कागदाची पुडी घेऊन अवघडून उभं असलं, की बायको स्वयंपाकघरातूनच सांगते, "तुमचं गिऱ्हाईक आलंय." पुडीत पीस असतं. पिंपळे गुरवच्या आमच्या गल्लीत आता सगळ्यांना ठाऊक झालंय, की देवकरांना पीस दाखवलं की ते पक्षी सांगतात. कुणाला ते गच्चीत सापडलेलं असतं, कुणाला गाडीच्या टपावर. मी चष्मा लावतो, पट्टी काढतो, आणि पीस हातात घेण्याआधी आणणाऱ्यालाच विचारतो, की तुम्हाला हे कसलं वाटतं? लोकांना ही माझी खोड वाटते. आम्हाला माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो, असं एकदोघांनी तोंडावर म्हणूनही दाखवलंय. तरी मी विचारतो आणि ते काय म्हणतात ते नीट ऐकतो.

एकदा एक गृहस्थ चेहरा पाडून आले. त्यांच्या दारात तीन दिवस रोज एक मऊ, पिवळसर पीस पडत होतं आणि समोरच्या बिऱ्हाडाने करणी केली, अशी त्यांची पक्की खात्री झाली होती. मी ते पीस त्यांच्या कानाशी धरून जोरात हलवलं. आवाज आला नाही. मग गच्चीवरून कबुतराचं पीस आणून तसंच हलवलं, तेव्हा हवा कापल्याचा आवाज स्पष्ट आला. घुबडाच्या पंखातल्या पुढच्या पिसाच्या कडेला बारीक कंगव्यासारखे दाते असतात आणि वर मखमलीसारखी लव असते, त्यामुळे ते उडताना आवाज होत नाही, हे त्यांना समजावलं. पाण्याच्या टाकीमागे गव्हाणी घुबड राहत होतं, त्याची ती पिसं. करणीचा संशय फिटला, समोरच्यांशी बोलणं पुन्हा सुरू झालं. पुढच्याच आठवड्यात सोसायटीने टाकीमागची फट पत्रा ठोकून बंद केली आणि घुबड गेलं. मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. ओळख पटली की भलंच होतं असं नाही, हे मी चाकणला शिकलो होतो.

मी काही पक्ष्यांचा अभ्यासक नव्हे. भोसरीतल्या एका वर्कशॉपात सुरुवात केली आणि पुढे चाकणच्या एका कारखान्यातून निवृत्त होईपर्यंत सगळी नोकरी क्वालिटी विभागात काढली. क्वालिटी म्हणजे नेमकं काय, हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्यांच्या चुका काढणं हे काय काम झालं, असं ती म्हणायची, आणि तसं पाहिलं तर तिचं फारसं चुकत नव्हतं. आम्ही गाडीच्या पंपाची ॲल्युमिनियमची झाकणं बनवायचो. त्या झाकणात सुई जाईल एवढंच एक भोक असतं, त्यातून तेल वाहतं. भोकात केसाएवढा तंतू अडकला तरी पंप जाम होतो. म्हणून पॅकिंगच्या खोलीत जाताना डोक्याला टोपी, अंगावर बिनखिशाचा डगला, पायात वेगळ्या चपला, आणि दारातल्या वाऱ्याच्या झोताखाली उभं राहून अंग झाडायचं. हे सगळं शिकवायचं काम माझ्याकडे होतं.

शिकवायचो त्यातली एक गोष्ट इथे सांगून ठेवतो, कारण तिच्याकडे मला शेवटी परत यायचं आहे. आमच्याकडच्या नोंदींत खाडाखोड चालत नाही. चुकीचा आकडा लिहिला गेला तर तो गिरवायचा नाही, पांढरा रंग लावून झाकायचा नाही, पान तर मुळीच फाडायचं नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. वर किंवा शेजारी बरोबर ते लिहायचं आणि तिथेच सही करायची. चूक झाली हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ती काय होती हे दिसणं महत्त्वाचं. नव्या बॅचला मी हे फळ्यावर करून दाखवायचो आणि प्रत्येकाकडून एकदा तरी करून घ्यायचो.

उषा खाडे अशाच एका बॅचमध्ये आल्या. बीडकडच्या, कंत्राटदारामार्फत लागलेल्या, भोसरीत भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि पहाटेच चाकणची गाडी धरायच्या. सगळे त्यांना उषाताई म्हणायचे, मीही. सुरुवातीला हेल्पर होत्या, म्हणजे खोकी उचलून द्यायची, कागद अंथरायचा. दोन वर्षांत त्यांनी सगळं काम शिकून घेतलं. परीक्षा दिली आणि पॅकिंग ऑपरेटर झाल्या. त्या सर्टिफिकेटवर सही माझीच होती. त्या वर्षी कंत्राटावरच्या दोघांना कंपनीच्या रोलवर, म्हणजे कायम नोकरीत, घ्यायचं ठरत होतं, आणि त्या यादीत उषाताईंचं नाव आहे हे सगळ्या शेडला माहीत होतं. त्यांनाही.

त्यांची एक सवय होती. जेवणाच्या सुट्टीत शेडच्या मागे बसून भाकरी खायच्या आणि उरलेला तुकडा कुस्करून कबुतरांना टाकायच्या. मी त्यांना एकदोनदा हटकलंही होतं. चाकणच्या कुठल्याही शेडमध्ये वर बघा, छपराखालच्या लोखंडी कैच्यांवर कबुतरं बसलेली असतात. आमच्याकडे नुकताच त्यावरून ऑडिटमध्ये शेरा पडला होता.

आणि मग युरोपातल्या एका ग्राहकाचा मेल आला. आमच्या खोक्यात, झाकणांच्या दोन थरांमध्ये, पक्ष्याचं पीस सापडलं. सोबत फोटो. करड्या रंगाचं लांब पीस, पांढऱ्या टेबलावर ठेवलेलं.

अशा तक्रारीचं पहिलं उत्तर चोवीस तासांत द्यावं लागतं. त्यात कारण लागतं, आणि कारण शोधायची आमची पद्धत ठरलेली आहे. पाच वेळा 'का' विचारायचं. खोक्यात पीस का आलं? शेडमध्ये कबुतरं आहेत म्हणून. कबुतरं का आहेत? त्यांना खायला मिळतं म्हणून. खायला का मिळतं? कुणीतरी टाकतं म्हणून. का टाकतं? शिस्त पाळली नाही म्हणून. का पाळली नाही? हेल्पर नवखी होती म्हणून. पद्धत वाईट नाही, यंत्राच्या बाबतीत मी तिचे चमत्कार पाहिलेत. पण माणसांच्या बाबतीत पाचवा 'का' बहुतेक वेळा अशा ठिकाणी जाऊन थांबतो, जिथे उलट उत्तर देणारं कुणी नसतं. पीस कदाचित तुमच्याच गोदामात पडलं असेल, असं ग्राहकाला लिहायची आमच्या धंद्यात रीत नाही. मला तर तो विचारही शिवला नाही. माझ्या खिडकीबाहेर कबुतरं घुमत होती, फोटोतलं पीस करडं होतं. मी एका ओळीत लिहून टाकलं, की पीस कबुतराचं आहे.

वाचणाऱ्याने इथे जरा थांबावं, कारण माझी लाज इथे आहे. त्या फोटोत पट्टी नव्हती. शेजारी मोजमाप न ठेवता काढलेला फोटो मी आयुष्यात कुणाकडून स्वीकारला नव्हता, अशा फोटोंवरून पोरांना परत पाठवलं होतं. त्या दिवशी मात्र चाललं.

संध्याकाळी उषाताईंना ऑफिसात बोलावलं. कंत्राटदाराचा सुपरवायझर होता, मी होतो. त्यांनी काही लपवलं नाही. भाकरी टाकते, बाहेर टाकते, आत येताना टोपी घालून, अंग झाडूनच येते, माझ्या खोक्यात काही जाऊ देत नाही, असं शांतपणे सांगितलं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्याला पांढरी कड हाय की साहेब. आपल्या कबुतराला कुठं असती?"

मी म्हणालो, "उषाताई, फोटोत उजेडाने तसं दिसतं. कबुतराचंच आहे, त्यात शंका नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा गेटपास बंद झाला. अहवालात मी 'हेल्पर' लिहिलं होतं, तेही मुद्दाम. ऑपरेटर लिहिलं असतं तर ग्राहकाने आमच्या ट्रेनिंगचे कागद मागितले असते आणि ते शेकलं असतं माझ्यावर. सगळं खापर एका बाईवर फुटलं, तक्रार बंद झाली, वरिष्ठांनी पाठ थोपटली. तीन आठवड्यांनी ग्राहकाने ते पीस सीलबंद पाकिटात पाठवून दिलं. तक्रार बंद झालेली होती, म्हणून मी पाकीट न फोडता नंबर टाकून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

या प्रकरणामुळे एक झालं. मालात येणारे केस, दोरे, पिसं, किडे हे सगळं बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आणि मग मी शिकायला लागलो. देहूला इंद्रायणीच्या काठाजवळ तुपे मामा राहतात. जन्म त्यांचा तिथलाच, नोकरी एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात झाली. पेंढा भरलेले पक्षी सांभाळणं, त्यांची धूळ झाडणं, गळलेलं पीस परत चिकटवणं, यात त्यांनी उभी हयात घालवली. पदवी काही नाही, पण प्राध्यापक मंडळी त्यांना विचारून वर्गात जायची. ओळखीच्या कुणीतरी त्यांचं नाव सांगितलं आणि मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जायला लागलो.

मामांनी पहिल्याच दिवशी माझा उतावळेपणा काढला. मी पीस हातात घेऊन साळुंकी का कावळा असं विचारायला लागलो, तर त्यांनी ते माझ्या हातून काढून घेतलं. "आदी नाव इचारायचं न्हाई. आदी इचारायचं, हे अंगावरच्या कंच्या जागंचं हाय."

म्हणजे काय, ते सांगतो. पिसाच्या मधोमध दांडी असते, तिच्या दोन्ही बाजूंना पातं. दोन्ही पाती सारखी रुंद असतील तर पीस बहुधा शेपटीच्या मधलं. एक पातं अरुंद आणि ताठ, दुसरं रुंद, तर ते पंखाचं. अरुंद बाजू वारा कापते, ती पुढे असते, त्यावरून डावा पंख की उजवा तेही कळतं. बुडाशी खूप लव असेल आणि पीस वाकडं, मऊ असेल तर ते अंगावरचं. जागा कळली की लांबी मोजायची, कारण लहान पक्ष्याचं मोठं पीस आणि मोठ्या पक्ष्याचं लहान पीस सारखंच दिसतं. मग रंग, तोही नुसता वरून नाही, पालथं करून, उजेडाला धरून. साळुंकीच्या पंखातल्या काळ्या पिसाला बुडाशी पांढरं असतं, घारीच्या पिसावर आडवे अस्पष्ट पट्टे असतात, पोपटाचं हिरवं पालथं केलं की करडं पडतं. सगळ्यांत शेवटी नाव. आणि पिसं घरी साठवायची नाहीत, कायद्याने त्याला मनाई आहे. मोजायचं, वहीत काढून घ्यायचं आणि जिथलं तिथे ठेवायचं. माझ्या अशा चार वह्या भरल्या आहेत. चित्रकला बेताची, पण मापं बिनचूक.

शिकल्याचा फायदाही झाला. एका थंडीत आमच्या पेंटशॉपमध्ये रंगावर बारीक पांढरी लव चिकटायला लागली. रोज पंधरावीस नग बाद. फिल्टर बदलून झाले, छपराला जाळी लावून झाली, कबुतरांना हुसकून झालं. मी लव भिंगाखाली पाहिली. कबुतराची लव अशी नसते. ही बदकाची होती, आणि चाकणच्या शेडमध्ये बदक येणार कुठून? दोन दिवस मी दारात उभा राहून आत जाणाऱ्यांचे कपडे पाहिले. हेड ऑफिसहून आलेले एक मोठे साहेब फुगीर, उबदार, परदेशी जॅकेट घालून रोज सकाळी राउंडला येत होते आणि जॅकेटच्या काखेत शिवण उसवली होती. मी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं, ते हसले, जॅकेट काढलं, प्रश्न मिटला. अहवालात आम्ही 'बाहेरून आलेला तंतू' एवढंच लिहिलं. साहेबांचं नाव घालायचं कुणाच्या मनातही आलं नाही, माझ्याही नाही. त्या दिवशी घरी जाताना मात्र उषाताई आठवल्या. तरीही ड्रॉवर उघडून बघावं असं सुचलं नाही. त्यांच्या बाबतीत मी बरोबर होतो, असंच मी धरून चाललो होतो. शिक्षा जरा जास्त झाली, एवढंच वाटायचं.

निवृत्तीला आठ दिवस राहिले तेव्हा ड्रॉवर आवरायला घेतला. तळाशी ते पाकीट मिळालं, सील तसंच. फेकण्याआधी सवयीने फोडलं.

पीस हातात घेतलं आणि नाव विचारायच्या आधी जागा विचारली. अरुंद पातं डाव्या बाजूला, म्हणजे डाव्या पंखाचं, टोकाकडचं. पट्टी लावली. वीस सेंटिमीटरच्या वर. माझ्या वहीतलं कबुतराचं सगळ्यांत लांब पीस त्याच्यापुढे दोन बोटं आखूड होतं. मग खिडकीपाशी जाऊन उजेडाला धरलं. बाहेरच्या अरुंद पात्याला, टोकापासून बरंच खालपर्यंत, दोऱ्यासारखी सरळ पांढरी कड होती. उजेडाने दिसलेली नव्हे. पालथं केलं तरी ती तिथेच होती.

मी खुर्चीत बसलो तो चहावाला हाक मारून गेला तरी उठलो नाही.

सुट्टीच्या दिवशी पाकीट घेऊन देहूला गेलो. मामा आता थकलेत, डोळ्यांना कमी दिसतं. त्यांनी पीस बोटांनीच चाचपलं, लांबी वितीने पाहिली, मग नातसुनेला विचारलं, की कड कसली दिसते. ती म्हणाली, पांढरी. मामा म्हणाले, "कबुतराच्याच जातीचं हाय ह्ये. पर आपलं न्हाई. ह्ये तिकडच्या रानातलं, थोरलं. आमच्या कपाटात एक व्हतं, इलायतेहून आलेलं. आपल्या हिकडं ह्यो पक्षी येत न्हाई."

मी विचारलं, "अगदी नक्की?"

"हिमालयाच्या अंगाला कवातरी येतो म्हंत्यात. चाकणला न्हाई."

म्हणजे पीस तिथलंच होतं. खोकं तिकडे कुणीतरी उघडलं असेल, तपासणीसाठी उघडं ठेवलं असेल, गोदामाच्या छतावर तो पक्षी बसला असेल. कसं झालं ते मला कधीच कळणार नाही. पण आमच्या शेडमधून ते गेलं नव्हतं, हे पक्कं. आणि हे सांगायला भिंग, वह्या आणि मामांची शिकवणी लागली ती मला. उषाताईंनी ते मिनिटभर पाहून, फोटोवरून, उभ्याउभ्या सांगितलं होतं. त्या कबुतरांना रोज जवळून बघत होत्या. मी कबुतरांबद्दल फक्त शेरे लिहीत होतो.

कंपनीत मी रीतसर पत्र दिलं. जुना अहवाल चुकीचा आहे, दुरुस्त करावा. क्वालिटीचे नवे प्रमुख तरुण आणि सभ्य होते. त्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, की तो ग्राहक आता आपल्याकडे नाही, तक्रार कधीच बंद झाली, ती बाई आपल्या रोलवर नव्हतीच, आता हे उकरून कुणाचं भलं होणार? निरोपसमारंभात नारळ, शाल आणि घड्याळ मिळालं. भाषणात माझ्या काटेकोरपणाची तारीफ झाली.

उषाताईंचा पत्ता काढायला दोन महिने लागले. कंत्राटदाराचा तो सुपरवायझर आता दुसरीकडे होता, त्याने कुणाचा तरी नंबर दिला, त्या माणसाने आणखी कुणाचा. त्या भोसरीतच होत्या, जुन्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडे. एका लहान वर्कशॉपात लोखंडी पट्ट्यांच्या कडा घासायचं काम करत होत्या. मी गुरुवारी गेलो, गुरुवारी तिकडे कारखान्यांना सुट्टी असते.

त्यांनी मला ओळखलं. आत या म्हणाल्या, खाटेवर बसायला जागा केली, पाणी दिलं. केस बरेच पिकले होते. मी आडवळण न घेता पाकीट काढलं आणि सगळं सांगितलं. पीस इथलं नव्हतं, चूक माझी होती, तुम्ही तेव्हाच सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही.

त्यांनी पिसाला हात लावला नाही. वाकून नुसतं बघितलं, त्या दिवशी स्क्रीनकडे बघितलं होतं तसंच. "हीच ती कड," त्या म्हणाल्या.

बाहेर कुणीतरी बादली भरत होतं. मी म्हणालो, की मी माफी मागायला आलोय. त्यांनी मान हलवली, म्हणजे माफ केलं की नुसतं ऐकलं, ते मला समजलं नाही. नंतर हळूहळू सांगायला लागल्या. रोलवर जायचं राहिलं, त्याचं दुःख त्यांनी कधीच गिळून टाकलं होतं. त्या कंत्राटदाराने दुसऱ्या कुठल्या कंपनीतही पाठवलं नाही, मग वर्षभर लोकांची धुणीभांडी केली, तेही निभावलं. सलत होतं ते वेगळंच.

"कामावरून का काढलं म्हणून गावाकडं समद्यांनी इचारलं," त्या म्हणाल्या. "मी खरं तेच सांगितलं, पीस सापडलं म्हणून. कुणाला पटंल साहेब? पिसासाठी कुणी माणूस काढतं व्हय? समदे म्हणले, हिनं चोरी केली आसंल. जाऊबाई अजून तोंडावर म्हणायल्यात."

याचा मी कधी विचारच केला नव्हता. आमच्या शेडमध्ये पीस ही केवढी मोठी गोष्ट होती, आणि शेडबाहेर ती इतकी हलकी, की खरं सांगूनही ती बाई चोर ठरली.

मी विचारलं, मी काय करू? त्या म्हणाल्या, "लिहून द्या."

कंपनीचा कागद आता माझ्याकडे नव्हता. त्यांनी मुलीच्या वहीतलं पान काढून दिलं. मी गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं, अहवाल लिहायचो तसंच, मुद्द्याला धरून. श्रीमती उषा खाडे या पॅकिंग हेल्पर म्हणून काम करत असताना ग्राहकाकडून पिसाची तक्रार आली. ते पीस मी चुकीचं ओळखलं. ते आपल्या देशातल्या नेहमीच्या कबुतराचं नाही, तिकडच्या पक्ष्याचं आहे. त्यात त्यांचा काहीही दोष नव्हता. त्यांनी चोरी किंवा कसलाही गैरप्रकार केलेला नव्हता. त्यांना कामावरून कमी केलं गेलं ते माझ्या चुकीच्या अहवालामुळे. खाली नाव, हुद्दा, पत्ता, सही.

त्यांनी कागद घेतला आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचला. पहिल्याच ओळीत बोट थांबलं.

"हेल्पर नव्हते मी."

आठ वर्षांपूर्वी मुद्दाम लिहिलेला तो शब्द आता हाताने आपोआप लिहिला होता. मी ओशाळून म्हणालो, दुसरं पान द्या, नवं लिहितो.

"दुसरं कशाला?" त्या म्हणाल्या. त्यांनी कागद पुन्हा माझ्यासमोर ठेवला. "तुमीच शिकवलं व्हतं की. एक आडवी रेघ. खालचं वाचता आलं पायजे."

मी 'हेल्पर'वर एक आडवी रेघ मारली. वर 'ऑपरेटर' लिहिलं. शेजारी सही केली. त्यांनी कागद उचलून उजेडाला धरला आणि रेघेखालचा शब्द वाचता येतो की नाही, ते पाहिलं.

मग फळीवरची प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात रेशनकार्ड होतं, मुलीचे दाखले होते आणि ऑपरेटरचं ते सर्टिफिकेट होतं, घडीवर जरा फाटलेलं, माझ्या सहीचं. नवा कागद त्यांनी त्याच्या पाठीमागे ठेवला आणि दोन्हींची मिळून एक घडी केली. पुढच्या महिन्यात गावाला जायचंय, तेव्हा नेते म्हणाल्या.

निघताना मी पिसाचं पाकीट त्यांच्यापुढे केलं. पुरावा म्हणून तेही असू द्या, म्हणालो.

"ते मला कशाला?" त्या म्हणाल्या. "मी तर तवाच वळखलं व्हतं. तुमच्याकडंच राहू द्या."

पाकीट मी परत घरी घेऊन आलो.